पट्टीतला एक रुपया: जुन्या पीएचपी कोडचे थर वेगळे करतानाच्या नोंदी

६ मे २०२४

काम घेतलं. पिंपळगाव बसवंतला एक व्यापारी गाळा आहे, कांदा आणि टोमॅटोचा. तिथे २०१३ मध्ये कुणा कॉलेजच्या पोराने पीएचपीत (वेबपानं बनवणारी प्रोग्रामिंग भाषा) लिहून दिलेलं अ‍ॅप्लिकेशन आजही चालू आहे. शेतकऱ्याची हिशेबपट्टी, म्हणजे विकलेल्या मालाची रक्कम आणि कपाती दाखवणारा कागद, त्यातूनच निघते. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांनी कळवलंय की पीएचपी ५.६ आता ठेवणार नाही, ३१ ऑगस्टला बंद. (५.६ चे सुरक्षा अपडेट २०१८ अखेरच थांबले होते, म्हणजे त्यांनी बराच काळ सांभाळून घेतलं.)

शेठचं म्हणणं एवढंच: "ताई, चालतंय ते चालू द्या. टोमॅटो सुरू व्हायच्या आत उरकून टाका." मी ४५,००० रुपये आणि सहा आठवडे सांगून बसले. कोड न बघता. पहिली चूक इथेच झाली, बाकीच्या तिच्याच पोटातून निघाल्या.

परवा ४ तारखेला कांद्याची निर्यातबंदी उठली, त्यामुळे गाळ्यावर कुणाला बोलायला उसंत नाही. दिवाणजी काकांनी जुन्या पट्ट्यांचा एक गठ्ठा हातात दिला आणि भुईकाट्याकडे पळाले.

९ मे

नाशिकला घरी बसून कोड उघडला. ६३ फाइली. त्यातली पट्टीची एकच फाइल २,१४० ओळींची. वरच्या टोकाला लॉगिन तपासणं, मग डेटाबेसला क्वेरी (माहितीची मागणी), मग एचटीएमएलचा तक्ता, तक्त्याच्या प्रत्येक ओळीत पुन्हा नवी क्वेरी, आणि हमाली-तोलाई-वाराई या कपातींची वजाबाकी थेट तक्त्याच्या चौकटीत. लिहायचं, मोजायचं, दाखवायचं, सगळं एका पातेल्यात. शोध मारला तर हमालीचं गणित सात फाइलींत सापडलं. सातही ठिकाणी थोडं थोडं वेगळं.

काकांच्या गठ्ठ्यातली एक पट्टी घेतली. वजन २३.४५ क्विंटल, भाव १,८५१. कपातीआधीची रक्कम हाताने काढली: ४३,४०५ रुपये ९५ पैसे. आता अ‍ॅप्लिकेशन काय म्हणतं बघा:

पडद्यावर ४३,४०६. छापील पट्टीवर ४३,४०५. रोजमेळात ४३,४०५.९.

पडद्याचं पान रक्कम गोल करतं, छपाईचं पान पैसे कापून टाकतं. रोजमेळाच्या (रोजच्या जमाखर्चाच्या) टेबलात रकमेचा कॉलम फ्लोट प्रकारचा, म्हणजे आकडा अंदाजे धरणारा आहे आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस फ्लोट दाखवताना सहाच अंक धरतं. म्हणूनच वर्षाची बेरीज दहा लाखांच्या वर गेली की शेवटी हटकून शून्य दिसतं. काकांना विचारलं. ते म्हणाले, "ते तसंच असतं कॉम्प्युटरचं. मी वहीत खुर्द्याचा रकाना ठेवलाय, तिथे जुळवून घेतो." अकरा वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी मशीनची चूक हाताने दुरुस्त करतोय.

१२ मे

कोड जसाच्या तसा नव्या पीएचपीवर चालवून पाहिला. पांढरं पान. डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शनं पीएचपी ७ मध्येच काढून टाकलीत, आणि ती इथे चारशेवर ठिकाणी आहेत.

शोधा-बदला करून दोन दिवसांत काम उरकता आलं असतं. पैसेही तेवढेच मिळाले असते. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण शोधाच्या खोक्यात नुसतं एक अवतरणचिन्ह टाकलं तर पान कोसळलं, म्हणजे खोक्यातला मजकूर न तपासता थेट डेटाबेसच्या आज्ञेत जातो. कुणी जरा डोकं चालवलं तर अख्खं उधारीचं टेबल पुसून जाईल. शिवाय तो एक रुपया. शेठना फोन करून सांगितलं की थर वेगळे करते. ते म्हणाले, "थर म्हणजे? कांद्याच्या चाळीत असतात तसे?" म्हटलं, तसंच समजा. खालचा कांदा सडला तर वरच्याला कळायला नको.

१८ मे

चार दिवस पाण्यात.

तीन फोल्डर केले: मॉडेल (माहिती आणि गणित), कंट्रोलर (नियंत्रण), व्ह्यू (दर्शनी भाग). फाइली उचलून त्या त्या फोल्डरात टाकल्या. दिसायला एकदम नीटनेटकं. मग हमालीचा दर बदलून पाहिला, तर तरीही पाच फाइली उघडाव्या लागल्या, कारण गणित व्ह्यूच्या पोटातच राहिलं होतं. घर बदललं पण माळ्यावरचं अडगळीचं सामान तसंच बांधून आणलं. सगळं फेकलं.

२१ मे

आज कागदावर काम. काकांच्या पट्टीची झेरॉक्स समोर ठेवली आणि तिच्यावरच्या प्रत्येक आकड्याला, प्रत्येक रेघेला एकच प्रश्न विचारला: उद्या हे बदलायला कोण सांगेल?

हमालीचा दर, वजनाचं एकक, खुर्दा कसा धरायचा, हे बाजार किंवा काका सांगतील. हा माहितीचा थर, गणित धरून. पट्टी कुणी रद्द करायची, पैसे दिल्यावर दुरुस्ती चालेल का, बटण दाबल्यावर पुढे कुठे जायचं, हे शेठ सांगतील. हा नियंत्रणाचा थर. अक्षर मोठं करा, गावाचं नाव वर घ्या, हे शेतकरी सांगेल किंवा प्रिंटर. हा दर्शनी थर.

मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर (एमव्हीसी) ही वाटणी ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेसाठी मांडली, तेव्हा वेब नव्हतंच. त्यामुळे "शुद्ध एमव्हीसी कोणतं" या वादात मी पडत नाही. "कोण सांगेल" या प्रश्नाने माझं काम भागलं. ज्या ओळीला दोन उत्तरं आली ती ओळ फोडायची. पट्टीच्या फाइलीत अशा ओळी १८३ निघाल्या.

२८ मे

आता उलट टोक. उत्साहाच्या भरात एका शेतकऱ्याच्या नोंदीसाठी पाच क्लास (कोडचे वेगवेगळे तुकडे) केले: एक साठवणारा, एक आणणारा, एक तपासणारा, एक पोचवणारा आणि पाचवा कशाला होता ते आज मलाच आठवत नाही. मग शेठचा फोन, शेतकऱ्याचा दुसरा मोबाइल नंबर ठेवायचाय. एका नंबरासाठी नऊ फाइलींना हात लावावा लागला.

माझ्यामागे हे कोण सांभाळणार? शेठचा पुतण्या. त्याला साधं पीएचपी येतं. मोठं फ्रेमवर्क (तयार सांगाडा) याच कारणाने घेतलं नव्हतं, आणि मी तेच फ्रेमवर्क हाताने, जास्त वाईट, लिहीत बसले होते. आजच्या कमिटमध्ये (पक्क्या नोंदवलेल्या बदलात) ३,१०० ओळी उडवल्या. तीन फोल्डर, पत्ता बघून वाट दाखवणारी एक फाइल, बस. मोबाइल नंबर आता तीन फाइलींत होतो. टेबल, फॉर्म घेणारा कंट्रोलर, फॉर्म. त्याहून कमी होणार नाही.

३ जून

नावांचा घोळ. जुनी टेबलं लॅटिन-१ मध्ये (युरोपीय अक्षरांसाठीची साठवण्याची पद्धत) आणि आत मजकूर देवनागरी. पडद्यावर नीट दिसतं कारण चुकीचं आत जातं आणि त्याच चुकीने बाहेर येतं. पण लांब नावं अर्ध्यात तुटलेली.

कारण साधं आहे. यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्यांसाठीची पद्धत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, हलन्त ही प्रत्येकी वेगळी चिन्हं. "ज्ञानेश्वर" म्हणजे दहा चिन्हं, तीस बाइट. नावाचा कॉलम पन्नासाचा, आणि लॅटिन-१ च्या हिशेबात एक बाइट म्हणजे एक अक्षर. ज्ञानेश्वरच्या बापाचं नाव सुरू होतं न होतं तोच जागा संपते. कधी कधी अक्षराच्या मधोमध.

उपाय: कॉलम आधी ब्लॉब (लिपी न बघता नुसते बाइट) करायचा, मग यूटीएफ-८-एमबी४ (मायएसक्यूएलचं पूर्ण यूटीएफ-८). सरळ बदलला तर मायएसक्यूएल "मदत" म्हणून सगळ्या बाइटांचं पुन्हा रूपांतर करतं आणि दुप्पट कचरा होतो. मी पहिल्यांदा तेच केलं. बॅकअप होता म्हणून ही नोंद शांतपणे लिहितेय. ब्लॉबमार्गे गेल्यावरही ४१ ओळी अडल्या, शेवटी अर्धवट बाइट लोंबकळत असलेल्या. त्या ४१ जणांची पूर्ण नावं काकांनी वही न उघडता सांगितली, गावासकट.

११ जून

ही नोंद महत्त्वाची, इतरांनी इथे घाई करू नये.

काकांनी सहज २०१५ ची एक पट्टी पुन्हा छापायला सांगितली. छापील मूळ प्रत शेजारी ठेवली. आकडा वेगळा! आडतच (आडत्याची दलाली) गायब.

२०१६ च्या जुलैत राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम केला. तेव्हा ज्याने कोड बदलला त्याने वजाबाकीची ओळच पुसून टाकली. पण हा कोड पट्टी साठवत नाही, दर वेळी नव्याने मोजतो. म्हणजे नियम बदलला की गेल्या सगळ्या वर्षांच्या पट्ट्याही बदलतात. वर एका फाइलीत ती ओळ पुसायची राहिली होती, त्यामुळे वर्षअखेरच्या एका अहवालात आडत अजून शेतकऱ्याकडूनच वसूल होतेय.

आता पट्टी पक्की झाली की त्या दिवशीचे सगळे दर आणि अंतिम आकडे तिच्याबरोबर साठतात. दर्शनी थराने फक्त वाचायचं. व्ह्यूच्या फोल्डरात गुणाकार किंवा वजाबाकीचं चिन्ह दिसलं की माझी छोटी स्क्रिप्ट कमिट अडवते. उपाय गावठी आहे, पण पहिल्याच दिवशी तिने मलाच दोनदा पकडलं.

२२ जून

काका निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर गेले. आषाढीपर्यंत परत नाहीत, फोन बंद. शेठ म्हणाले, "दर वर्षी जातात, सांगायचं राहिलं." नियम ज्याच्या डोक्यात तो माणूस पंढरीच्या वाटेवर आणि मी त्याच्या खुर्द्याच्या वहीचे फोटो घेऊन घरी. वेळापत्रक इथेच मोडलं. सहा आठवडे होऊन गेले, काम निम्मं.

२६ जून

४३,४०६ रुपयांची पट्टी डेटाबेसात ४३ रुपये म्हणून गेली.

दोन तास वाया घालवून सापडलं. फॉर्म एकूण रक्कम लपवलेल्या खोक्यात ठेवतो आणि सेव्ह करताना तीच परत पाठवतो, स्वल्पविरामासकट. पीएचपीला "४३,४०६" चा आकडा करायला सांगितलं की ते स्वल्पविरामापाशी थांबतं. जुन्या कोडात स्वल्पविराम काढणारी एक ओळ होती. मी ती कचरा समजून पुसली होती.

ती ओळ परत टाकली नाही. एकूण रक्कम पडद्याकडून घ्यायचीच कशाला? फॉर्म आता फक्त वजन, भाव आणि माल पाठवतो, रक्कम आत मोजली जाते. पडद्याने शिकवलेला आकडा माहितीच्या थराने ऐकायचाच नाही.

याच दिवशी फ्लोट कॉलम डेसिमल (आकडा अचूक साठवणारे) केले आणि गणित बीसीमॅथने, पीएचपीच्या अचूक गणिताच्या साधनाने, सुरू केलं. सावध राहा, ते पैसे गोल करत नाही, कापतं. हमालीत एक-एक पैसा कमी यायला लागला तेव्हा कळलं.

२ जुलै

टोमॅटो. कांद्याचा भाव क्विंटलला, टोमॅटोचा २० किलोच्या क्रेटला. जुना कोड नोंदीच्या पानावर, जावास्क्रिप्टमध्ये, टोमॅटो निवडला की भावाला पाचने गुणायचा म्हणजे क्विंटलचा भाव मिळतो. मी तो गुणाकार मॉडेलमध्ये नेला. जावास्क्रिप्टमधला काढायला विसरले. माझी स्क्रिप्ट फक्त पीएचपी फाइली बघत होती.

शेठचा पुतण्या चाचणी करत होता. ६२ क्रेट, ६४० चा भाव. यायला हवे ३९,६८०, आले १,९८,४००. शेजारी बसलेला एक शेतकरी पडद्यात डोकावून म्हणाला, "याच भावाने घेता का? उरलेला माल आत्ता तोडून आणतो."

एकक आता मालाच्या टेबलात आहे: टोमॅटो २० किलो, कांदा १०० किलो. वजन सगळीकडे किलोत साठतं. कोडात "टोमॅटो" हा शब्द आता एकदाही नाही. उद्या शेठ डाळिंब घेऊ लागले तर टेबलात एक ओळ टाकायची.

९ जुलै

आठवड्यातलं सगळ्यात उपयोगी काम, आणि ते मी पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं. जुन्या सगळ्या १८,६४२ पट्ट्या नव्या मॉडेलमधून काढल्या आणि रोजमेळात प्रत्यक्ष दिलेल्या रकमेशी ताडून पाहिल्या. पडदा नाही, ब्राउझर नाही, नुसतं गणित. गणित वेगळं काढलं होतं म्हणूनच हे चार मिनिटांत झालं.

१,३१७ जुळल्या नाहीत. त्यातल्या १,२०९ मध्ये फरक एक रुपयाचा किंवा आतला. ९६ पट्ट्या २०१६ च्या बदलाच्या आसपासच्या: मी सरकारी तारीख घेतली होती, गाळ्यावर बदल प्रत्यक्षात नंतर झाला. उरल्या १२. त्या शेठनी ओळखीत हाताने वाढवून दिलेल्या निघाल्या. "ते राहू द्या तसंच," म्हणाले. त्यामुळे पट्टीला "विशेष वाढ" असा एक रकाना मिळाला, आणि तो फक्त शेठच्या लॉगिनला उघडतो.

१७ जुलै

आषाढी. गाळा बंद, म्हणून आजच नवं चालू केलं. सकाळी स्कूटीने निघाले, ओझरच्या पुढे पावसाने गाठलं. लॅपटॉप पिशवीत, पिशवी रेनकोटच्या आत, मी बाहेर. दुपारी चारपर्यंत डेटा हलवला. पाच शेतकऱ्यांच्या खोट्या पट्ट्या करून पाहिल्या, बरोबर आल्या.

१८ जुलै

सकाळी साडेनऊला पहिली खरी पट्टी आणि ती दोन ओळी खाली सरकलेली. गावाचं नाव "रक्कम" च्या चौकटीत. छापील स्टेशनरी तीन प्रतींची, मध्ये कार्बन, म्हणून डॉट मॅट्रिक्सच लागतो, लेझर दाब देऊन छापतच नाही, दुसरी प्रत उमटणारच नाही. जुन्या पानात वरती काही रिकाम्या ओळी होत्या आणि मी त्या "साफ" केल्या होत्या. स्टेशनरीचे साठेक कागद वाया गेले. पण दुरुस्ती छपाईच्या एकाच व्ह्यू-फाइलीत झाली, वीस मिनिटांत, मागे ट्रॅक्टरांची रांग उभी असताना. मे महिन्यातल्या कोडात हे मी त्या रांगेसमोर केलं नसतं.

दुपारी दुसरं. "रोख दिले" बटण दोनदा दाबलं गेलं, कारण नेट मंद होतं. एकाच पट्टीचे पैसे दोनदा रोजमेळात. आधी बटण एकदा दाबल्यावर राखाडी करायचं जावास्क्रिप्ट टाकलं. तो दर्शनी उपाय, तासाभरात फसला: गाळ्यावरच्या पोराने पान पुन्हा लोड केलं. मग प्रत्येक फॉर्मला वेगळी खूण दिली, कंट्रोलर पैसे नोंदवल्यावर दुसऱ्या पानावर पाठवतो, आणि त्या खुणेवर डेटाबेसात युनिक की (तीच खूण दुसऱ्यांदा न घेणारी अट) बसवली. शेवटच्या गोष्टीनेच खरं थांबलं.

२५ जुलै

शेतकऱ्यांना पट्टी व्हॉट्सअ‍ॅपवर हवी. जुन्या कोडात हे विचारलं असतं तर मी फोन उचलला नसता. आज साठलेली पट्टी वाचून चित्र बनवणारा एक व्ह्यू लिहिला, गणिताला हात लावला नाही. संध्याकाळचे तीन तास. पैकी दोन तास जोडाक्षरं नीट काढणारा फॉन्ट बसवण्यात गेले. चित्र पुतण्या फोनवरून हाताने पाठवतो, आपोआप नाही.

८ ऑगस्ट

हिशेब, पुढच्यांसाठी. अंदाज १२० तास, लागले २८६. ४५,००० ला भागलं तर तासाला १५७ रुपये. सर्व्हर नवा घ्यावा लागला, महिना ७०० रुपये, तो शेठ देतात. स्टेशनरीचे त्यांनी मागितले नाहीत. फेकलेला कोड धरला तर निम्मं काम दोनदा केलंय. जुन्या-नव्या पट्ट्या ताडून बघणारी ९ जुलैची स्क्रिप्ट आधी लिहिली असती तर माझ्या मते ऐंशी तास वाचले असते.

राहिलेलं: वर्षअखेरचा अहवाल अजून जुन्याच पद्धतीने क्वेरी आणि तक्ता एकत्र ठेवून आहे. वर्षातून एकदा लागतो, मार्चमध्ये बघू. लॉगिनचे पासवर्ड नव्या पद्धतीने साठवले, पण भिंतीवर पेनाने लिहिलेले आहेत, त्यावर माझ्याकडे थर नाही.

काका पंढरपूरहून आल्यावर परवा पहिल्यांदा पूर्ण दिवस बसले. रक्कम जवळच्या रुपयाला गोल होते आणि उरलेले पैसे खुर्दा खात्यात आपोआप जातात, हे दाखवलं. पडदा, कागद, रोजमेळ, तिन्हीकडे ४३,४०६, आणि खुर्द्यात ५ पैसे. त्यांनी चष्मा वर करून तिन्ही आकडे बोट ठेवून वाचले. मग वही काढली, नव्या पानावर पट्टीने रेघ मारली आणि वर लिहिलं, खुर्दा.

"काका, आता लागणार नाही तो रकाना."

"असू द्या ताई. रिकामा राहिला तर बरंच आहे की."